वाचून दाखवले, बरोबर आहे

चंपतरावसाहेब “नाही” म्हणाले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कोर्टात एरवी म्हणतात तितक्याच शांतपणे म्हणाले, “नाही. माझ्या आठवणीत तरी असं एकही प्रकरण नाही.” मी त्यांच्या डाव्या हाताला फायली मांडीवर घेऊन बसले होते, त्यांची सहायक सरकारी वकील म्हणून. मी एकदम त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले. वाटलं, आता हसतील, किंवा खोकतील, किंवा म्हणतील की थांबा, एक आहे. समोरच्या लांब टेबलापलीकडे समितीचे अध्यक्ष संत्रं सोलत होते. रेस्ट हाऊसवाल्यांनी प्रत्येकापुढे बशी ठेवली होती, मुंबईहून आलेल्या माणसांना नागपुरात दुसरं काय द्यायचं असतं. अध्यक्षांनी मान हलवली, सालीचा लांब तुकडा बशीच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, छान. शालिकरामची पेन्सिल चालली. शालिकराम आमच्याच कोर्टातला स्टेनो, समितीनं दोन दिवसांसाठी मागून घेतलेला. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि साहेबांना तर आमच्या दोघांहून जास्त ठाऊक होतं. कारण ते प्रकरण त्यांनी स्वतः चालवलं होतं. आणि ज्या बाईचं ते प्रकरण, ती देवकी माझ्या मागे तिसऱ्या रांगेत बसली होती, निळं धुवट पातळ नेसून, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारून. मला मागे वळून बघायची छाती झाली नाही. माझ्या मानेला तिची नजर जाणवत होती, की नुसती पंख्याची हवा, कोण जाणे.

प्रश्न साधा होता. दिल्लीत एक कायदा व्हायचा होता. पोलिसाच्या ताब्यात, चौकीत, ठाण्यात बाईवर जबरदस्ती झाली आणि बाई म्हणाली की माझी मर्जी नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. उलट काही असेल तर ते पोलिसानं सिद्ध करायचं. राज्याचं यावर म्हणणं काय हे ठरवायला ही समिती गावोगाव फिरत होती. अध्यक्षांनी विचारलं, बाई नाही म्हणत असताना, आत्ताच्या कायद्यापायी आरोपी सुटला, असं तुमच्या जिल्ह्यात कधी घडलंय का? तर नाही. आता साहेबांचं हे “नाही” कुठून आलं ते मला पक्कं माहीत होतं. आदल्या दिवशीच त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावून वरून आलेला नियम वाचून दाखवला होता. सरकारी वकिलानं होऊ घातलेल्या कायद्याबद्दल स्वतःचं मत उघडपणे बोलायचं नाही. काय ते खात्यामार्फत कळवायचं. समितीपुढे जिल्ह्यातर्फे एकानंच बोलायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, विशिष्ट खटल्याचा उल्लेख करायचा नाही. मी म्हटलं, साहेब, म्हणजे पानवाल्यानं चुन्याबद्दल बोलू नये. दिवसभर तोच तर लावतो तो. ते खळखळून हसले. मग म्हणाले की सरकारी वकील हा सरकारचा भोंगा, भोंग्याला डोकं नसतं, आणि ते नसलेलंच बरं, नाहीतर फास बसायचा. असं ते हसत हसत बोलत आणि मला आवडायचं. चंपतराव लांजेवार म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. आमच्या वस्तीतली मी पहिली वकील. कोर्टात आले तेव्हा बार रूममधल्या माठाकडे मी गेले की आजूबाजूला गप्पा थांबायच्या. साहेबांनी एक दिवस सगळ्यांदेखत माझ्या हातून पेला घेतला, पाणी प्याले, पेला पालथा ठेवला आणि कामाला लागले. भाषण नाही, काही नाही. त्या माणसानं आज नाही म्हटलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मला राग आला असता आणि मोकळी झाले असते. इथं रागच येईना. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काही नसावं, तसं पोटात झालं आणि तसंच राहिलं.

समितीतले दुसरे एक गृहस्थ पुढे काहीतरी विचारत होते, साहेब उत्तर देत होते, आणि मी मनानं दोन वर्षांपूर्वीच्या कोर्ट नंबर चारमध्ये पोचले होते. उन्हाळ्याचे दिवस, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, तो ओला वास. देवकी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी. सावनेरकडच्या खाणीत बाप कोळसा भरायला जायचा. भावाला कुठल्याशा मारामारीत पोलिसांनी उचललं, तर ही चौकीत त्याला भाकरीचा डबा द्यायला गेली. भावाला तोवर सोडूनही दिलं होतं, पण ते तिला कोणी सांगितलं नाही. आत बस म्हणाले, बसली. तिची साक्ष चांगली झाली होती. साहेबांनी तिला आधी पढवलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं बाई, जास्त नाही, कमी नाही, आणि ती इतकी शहाणी की शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग आरोपीचा वकील उठला. आवाज गोड. त्यानं बाकी सगळं सोडलं आणि विचारलं, चौकीच्या मागं घरं आहेत? आहेत. लोक होते घरात? असतीन. तू ओरडलीस? न्यायाधीशांनी वर पाहिलं. वकिलानं पुन्हा विचारलं, ओरडलीस का? ती म्हणाली, नाही. तो थँक्यू म्हणून खाली बसला. आता आमची फेरतपासणी, आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारायची संधी. एवढंच विचारायचं होतं की काहून नाही ओरडली. मी साहेबांच्या गाऊनची बाही ओढली, अगदी पोरांनी बापाची ओढावी तशी, आणि कुजबुजले, विचारा ना, काहून ते विचारा. साहेबांनी मान हलवली. फेरतपासणी नाही, युअर ऑनर. बाहेर आल्यावर मला म्हणाले, बाई, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला विचारायचा नसतो. हे पहिल्या दिवशी शिकायचं असतं. काय सांगावं, म्हणाली असती भीती वाटली नाही म्हणून, मग? आणि हे खरंच आहे, आमच्या धंद्यात हे सगळेच पाळतात, मीही पाळते, अजून पाळते. निकालात लिहून आलं की बाई ओरडली नाही, प्रतिकार केला नाही, सबब संमती नव्हती असं म्हणता येत नाही. चौकीतला शिपाई सुटला. देवकीनं निकाल ऐकला आणि मला विचारलं, आता कुठं सही कराची? तिला वाटलं, अजून काही बाकी आहे.

चहाची सुट्टी झाली. मी साहेबांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. ते खांबाला टेकून बशीत चहा ओतत होते. मी म्हटलं, साहेब, देवकीचं प्रकरण. ते म्हणाले, हो. हो म्हणाले, बघा. मला वाटलं होतं विसरलो म्हणतील, म्हातारपण म्हणतील, आणि मी ते मानूनही घेतलं असतं. मी म्हटलं, मग नाही काहून म्हणालात? तर बशी संपवून, मिशी पुसून, मला समजावून सांगायला लागले. वाद घालताना ते कधी आवाज चढवत नाहीत, हीच तर पंचाईत. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुठलं प्रकरण असा आला असता. प्रकरणाचं नाव घ्यायला नियमाची बंदी. सांगता येत नाही म्हटलं असतं, तर उद्या पेपरात आलं असतं की सरकारी वकील काहीतरी लपवून राहिले. तेव्हा सुरक्षित उत्तर एकच. आणि कायदा काही आपल्या एका प्रकरणानं होत नाही, अडत नाही, दिल्लीवाले त्यांच्या मनानं करतात. मी म्हटलं, ती आत बसली आहे. कौसल्याताईंनी आणली आहे तिला. कौसल्याताई म्हणजे इथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. सकाळी त्यांना समितीनं वेळ दिला, त्या चांगलं बोलल्या, पण पीडित भगिनी, पीडित भगिनी असंच बोलल्या. देवकी शेजारी बसून होती, तिला कोणी बोलायला उठवलं नाही. साहेबांनी बशी कठड्यावर ठेवली. त्यांना ती आल्याचं माहीत नव्हतं. एवढंच मला बरं वाटलं, आणि एवढ्यानं बरं वाटलं याची लाजही वाटली. मग ते हळूच बोलले, साहेबी भाषा सोडून. “पोरी, तू तोंड उघडशील तं उद्या ऑर्डर निघते. तुले काढतीन. अन् तुझ्यासारखी दुसरी या कोर्टात याले वीस वर्षं लागतीन. एका देवकीसाठी पुढच्या देवक्यांची वकील नको घालवू.” हे त्यांनी खरं मनापासून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत माझी काळजी होती, खोटं कशाला बोलू. आणि बोलणं चुकीचंही नव्हतं. मी नसले तर त्या खुर्चीत कोण बसणार हे मला चांगलं ठाऊक आहे.

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. देवकी तिथं ओंजळीनं पाणी पीत होती. चहाचा ट्रे तिच्यापर्यंत गेलाच नव्हता. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ओळखीचं हसली. मी घरचं विचारलं. बाप वारला म्हणाली. भावाचं लग्न झालं, भावजय बरी आहे. तिला कोणी बायको केली नाही, पण ते ती म्हणाली नाही, मीच समजले. सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती. गावात सांगून आली होती की नागपूरले मोठे साहेब मला विचारणार आहेत. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, द्यावी एकदा. पण तिनं खरंच विचारलं, न समजलेली गोष्ट शाळेत बाईंना विचारावी तसं. “त्या साहेबांनं नाही म्हटलं नं. असं कोणाचंच झालं नाही म्हटलं. मंग मी नव्हती का, बाई?”

आत आले, बसले. फायली मांडीवर घेतल्या. संत्र्यांचा वास खोलीभर झाला होता. मला लहानपणी पोलीस यायचे ते आठवायला लागलं, आणि का आठवतंय ते कळेना. आमच्या वस्तीत दारूच्या भट्ट्या शोधायला पोलीस यायचे. आमच्या घरी भट्टी नव्हती, बाप गिरणीत जायचा, पण पोलीस घर बघून थोडेच येतात. काठ्यांचा आवाज ऐकला की आई, पार्वतीबाई तिचं नाव, आम्हा भावंडांना कोपऱ्यात ओढायची आणि सगळ्यांत लहान म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवायची. चूप राय वं. चूप. तिच्या हाताला कांद्याचा आणि राखेचा वास असायचा. शेजारच्या गोपिकामावशीला एकदा त्यांनी केस धरून बाहेर काढलं. सगळी वस्ती आपापल्या घरात जागी होती आणि सगळ्या वस्तीत चकार शब्द नव्हता. मावशीही ओरडली नाही. मडकी फुटल्याचा तेवढा आवाज आला. सकाळी आई तिच्याकडे पिठलं घेऊन गेली, दोघी चुलीपुढे बसल्या, रात्रीचं कोणी बोललं नाही. मग मी शिकले, कायदा वाचला, आणि कोर्ट नंबर चारमध्ये साहेबांची बाही ओढून विचारा म्हणाले, काहून ओरडली नाही ते विचारा. मला खरंच ठाऊक नव्हतं. आईचा हात इतकी वर्षं माझ्या तोंडावर आणि मला ठाऊक नव्हतं. मी हे त्या खुर्चीत बसून लक्षात आणत होते. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी समितीला गाडी होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, त्यामुळे कोर्टाची सवय सुटलेली नव्हती. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्यापुढे वाचून दाखवायचं, त्यानं बरोबर आहे म्हणायचं, मग सही. आमच्या कोर्टात प्रत्येक साक्षीखाली हे शब्द असतात, वाचून दाखवले, बरोबर आहे. साक्षीदार बहुतेक वेळा ऐकतच नाही, त्याला घरी जायचं असतं. शालिकराम उभा राहून वाचायला लागला. एकेक वाक्य, एकसुरी, बसस्टँडवर गाड्या पुकारतात तसं. चौकीतल्या प्रकरणांबाबत विचारले असता त्यांनी सांगितले की माझ्या आठवणीत असे एकही प्रकरण नाही. इथं तो थांबला. थांबायचं काही कारण नव्हतं, थांबला. अध्यक्षांनी विचारलं, लांजेवारसाहेब, बरोबर आहे? साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“बरोबर नाही,” मी म्हणाले. मी उभी होते. कधी उठले ते माहीत नाही, मांडीवरच्या फायली जमिनीवर होत्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आपण कोण? मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्यांनी समोरच्या कागदात माझं नाव शोधलं, नव्हतं. मग अगदी सौजन्यानं म्हणाले की सरकारी वकिलांतर्फे एकानंच बोलायचं असा नियम आहे, तुमच्याच खात्याचा आहे, तेव्हा हे नोंदवू नये. शालिकरामनं पेन्सिल वर उचलली. मी म्हटलं, ठीक, मी बोलत नाही. त्या बसल्या आहेत, त्यांना विचारा. आणि मी मागे वळले. देवकी आधीच उभी राहिली होती. चपला खुर्चीखालीच. नाव, अध्यक्ष म्हणाले. तिनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि गप्प झाली. हात पोटाशी जुळवून, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत. विचारलं तेवढंच बोलायचं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. आणि पुढचा प्रश्न कोणी विचारीना. टेबलामागची शहाणी माणसं बशीतल्या सालींकडे बघत होती. कौसल्याताई पर्स उघडून काहीतरी शोधत होत्या. पंखा फिरत होता. ती तशीच उभी. मला वाटलं, ही दोन वर्षं अशीच उभी आहे. मग मी विचारलं, तिच्या बोलीत, माझ्या आईच्या बोलीत, “देवकी, त्या दिवशी काहून नाही ओरडली वं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढं सोपं कसं कळत नाही, असं पाहिलं. “ओरडून बोलवाचं कोणाले, बाई? पोलिसाले? तो तं तिथंच होता.”

साहेबांच्या हातातलं पेन कागदापासून बोटभर वर तसंच राहिलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, एकदम म्हातारा, गालफडं ओढलेली. त्यांना आत्ता, इतक्या दिवसांनी, त्या प्रश्नाचं उत्तर कळलं होतं. ते वळून देवकीकडे बघत राहिले. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की या बाईंबद्दल समितीला सहानुभूती आहे, परंतु हे म्हणणं रीतसर आलेलं नाही, आणि गाडीची वेळ झाली. लांजेवारसाहेब, तुम्ही दिलेलं उत्तर कायम ठेवता ना? साहेबांचे ओठ हलले. मी बघत होते, अगदी जवळून. त्यांना नाही म्हणायचं होतं. कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगते, त्या माणसाला नाही म्हणायचं होतं, पण आवाज काही निघाला नाही. अध्यक्ष थोडं थांबले. मग शालिकरामकडे वळून, घाईघाईनं पण काही वाईट मनात न ठेवता म्हणाले, “काही बोलत नाहीत, म्हणजे कायम आहे. लिहा, वाचून दाखवले, बरोबर आहे.”

शालिकरामची पेन्सिल कागदाला टेकली. मला कांद्याचा वास आला, राखेचा आला, चूप राय वं, चूप, आणि आईचा हात मी दोन्ही हातांनी तोंडावरून काढला. मग मी ओरडले. व्हरांड्यातले शिपाई धावत आले, बाहेर झाडाखाली थांबलेला ड्रायव्हरही आला. काय ओरडले ते मला शब्दाशब्दानं सांगता येणार नाही. ते शालिकरामला विचारा. त्याची पेन्सिल चालू होती.